पर्वतीय स्टेपवरील अनोळखी रानफूल नवी प्रजाती म्हणून मांडण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तियानशान पर्वतात, किरगिझस्तानातील नारिन खोऱ्याच्या वरच्या भागात, सुमारे २,६०० मीटर उंचीवरील कोरड्या गवताळ उतारावर प्रश्नकर्त्यांना वाटाण्याच्या कुळातील, जांभळ्या फुलांची आणि जमिनीलगत गादीसारखी वाढलेली एक वनस्पती सापडली. सलग दोन उन्हाळे ती त्याच उतारावर दिसली. ओळखतक्त्यांतून ती ऑक्सिट्रॉपिस या वंशापर्यंत जाते, पण पुढे कोणत्याही प्रजातीशी जुळत नाही. जवळच्या वाटणाऱ्या प्रजातीपासूनचे पाच फरक आणि काही छायाचित्रे त्यांनी दिली आहेत. डीएनएचा एक तुकडा तपासला, तोही सार्वजनिक संग्रहातील कोणत्याही नोंदीशी तंतोतंत जुळला नाही. आता वर्णन कसे लिहावे, नाव कसे ठेवावे आणि ते कोठे प्रसिद्ध करावे, असे त्यांनी विचारले आहे. (मराठीत या संज्ञांचा घोळ आहे, म्हणून आधीच सांगतो: येथे ‘वंश’ म्हणजे जीनस आणि ‘प्रजाती’ म्हणजे स्पीशीज.)

या कुळातील मध्य आशियाई वनस्पतींवर मी बरीच वर्षे काम करत आलो आहे. त्या अनुभवावरून मला वाटते की विचारलेल्या तीन प्रश्नांच्या आधी आणखी एक प्रश्न सोडवावा लागेल आणि तोच सर्वांत अवघड आहे: ही वनस्पती नेमकी कोणापासून वेगळी आहे? ‘कशाशीच जुळत नाही’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. ओळखतक्ता करणाऱ्याने जेवढे नमुने पाहिले असतील तेवढ्यांपुरताच तो तक्ता विश्वासार्ह असतो आणि ऑक्सिट्रॉपिसमध्ये तीनशेहून अधिक प्रजाती असून त्यांतील बहुसंख्य आशियाच्या पर्वतांतच आहेत. त्यांपैकी काही प्रजाती दीडशे वर्षांपूर्वीच्या एक-दोन नमुन्यांवरूनच माहीत आहेत. अशा प्रजातींच्या मोजमापांचा पल्ला पुस्तकात फार अरुंद दिसतो, कारण ज्याने वर्णन लिहिले त्याच्यासमोर तेवढीच रोपे होती.

मात्र आपला अंदाज खोटाच ठरेल असेही मी मुळीच म्हणत नाही. २०२२ साली किरगिझस्तानातूनच ट्यूलिपा टोक्टोगुलिका या रानट्यूलिपचे नवी प्रजाती म्हणून वर्णन झाले. ट्यूलिपसारख्या सर्वांच्या नजरेत भरणाऱ्या, शतकानुशतके जमवल्या गेलेल्या फुलांत हे घडत असेल, तर दगडांत दडलेल्या बुटक्या ऑक्सिट्रॉपिसमध्ये का घडू नये?

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते पाहू. पर्वतीय स्टेपवरच्या, म्हणजे कोरड्या गवताळ प्रदेशातल्या, वनस्पती रूप फार बदलतात. एकाच बियाण्याची रोपे दक्षिणेकडच्या तापलेल्या, खडकाळ उतारावर बोटभर उंचीची राहतात आणि घळीच्या ओलसर तळाशी वीतभर होतात. पावसाच्या वर्षी फुलोऱ्यात पंधरा फुले, तर कोरड्या वर्षी चारच. त्यात मेंढ्यांची चराई आली की झाड वर वाढण्याचे सोडून आडवे पसरते, पाने लहान होतात, लव दाट भासते. कामाच्या पहिल्या काही वर्षांत मी अशाच एका ‘गादीसारख्या’ वनस्पतीची बारा रोपे मोजली होती आणि ती नवी प्रजाती असल्याबद्दल माझी खात्री झाली होती. दुसऱ्या वर्षी त्याच उतारावर, कुंपण घातलेल्या एका छोट्या पट्ट्यात, मला त्या परिसरातील अगदी नेहमीची प्रजाती उंच वाढलेली दिसली. कुंपणाच्या तारेखालून एका रोपाच्या काही फांद्या आत आणि काही बाहेर गेल्या होत्या. आतल्या फांद्यांवरचे फुलोऱ्याचे दांडे अठरा सेंटिमीटर आणि बाहेरच्या फांद्यांवरचे चार सेंटिमीटर. ते एक रोप पाहिल्यापासून झाडाची उंची, दांड्याची लांबी, पर्णिकांची (संयुक्त पानाच्या छोट्या पानांची) संख्या आणि गादीसारखी ठेवण यांवर आधारलेला कोणताही दावा मी पुरेसा मानत नाही. आपल्या प्रश्नात दिलेल्या पाच फरकांपैकी तीन फरक याच प्रकारचे आहेत, हे मला काळजीपूर्वक नोंदवावेसे वाटते.

म्हणून पुढच्या मोसमात पहिले काम मोजणीचे करावे. उताराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून निदान तीस रोपे निवडावीत. निवडताना ‘नमुनेदार’ दिसणारी रोपे शोधू नयेत, दोरी टाकून ठरावीक अंतरावर जे रोप येईल ते घ्यावे. ती उपटायची नाहीत. प्रत्येकाचे एक फूल, एक पान आणि पुढे एक शेंग एवढे पुरते. जवळची जी प्रजाती वाटते तिचीही तेवढीच रोपे, शक्य तर त्याच खोऱ्यातील, त्याच पद्धतीने मोजावीत. दोन्ही संचांचे आकडे शेजारी मांडल्यावर जेथे मधली जागा रिकामी राहते, तो फरक कामाचा. जेथे एकाचा पल्ला दुसऱ्यात सलग मिसळतो, तेथे आपण दोन टोके पाहून दोन वस्तू कल्पिल्या आहेत असे समजावे. दोन्ही वनस्पती एकाच उतारावर वाढत असूनही मधली रूपे सापडत नसतील, तर तो पुरावा मी दुसऱ्या कोणत्याही पुराव्यापेक्षा वजनदार मानतो.

कोणती अंगे मोजावीत? या वंशात चराईला आणि कोरडेपणाला सहसा न बधणारी अंगे म्हणजे फुलाचे अंतर्गत भाग, शेंगेची रचना, उपपर्णांची (पानाच्या देठाच्या बुडाशी असलेल्या छोट्या पानांसारख्या भागांची) जोडणी आणि लवेचा प्रकार. वंशाचे नावही फुलातूनच आले आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ द कँडोल यांनी १८०२ साली अ‍ॅस्ट्रागॅलस या जवळच्या वंशापासून हा वंश वेगळा केला, तो मुख्यतः नौतलाच्या (फुलातील होडीच्या तळासारख्या खालच्या पाकळ्यांच्या) टोकाशी असलेल्या अणकुचीदार चोचीवरून. ऑक्सिट्रॉपिस या ग्रीक शब्दांचा अर्थही ‘तीक्ष्ण नौतल’ असाच आहे. ही चोच प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय वंशाबद्दलही निश्चित बोलू नये. वाळलेल्या नमुन्यावरचे पूर्ण उमललेले एक फूल चिमट्याने काढावे, लहान काचपात्रात ठेवून त्यावर उकळते पाणी ओतावे आणि द्रवसाबणाचा एक थेंब टाकावा. पाच-सात मिनिटांत कागदासारख्या झालेल्या पाकळ्या पुन्हा मऊ होतात. मग फूल सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन दोन बारीक सुयांनी आधी वरची मोठी ध्वजपाकळी बाजूला करावी, नंतर दोन पंखपाकळ्या देठाशी सोडवाव्यात. खाली उरते ते होडीच्या तळासारखे नौतल. ते आडवे ठेवले की टोकाचा बोथट गोलावा जेथे संपतो तेथून पुढे आलेला काटा स्पष्ट दिसतो. त्याची लांबी मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मोजावी, कारण ०.५ मिलिमीटर आणि २ मिलिमीटर लांबीच्या चोची या वंशात दोन वेगळ्या गटांकडे बोट दाखवतात. सगळे भाग क्रमाने एका कार्डावर चिकटवून, वाळवून, नमुन्याच्या पाकिटात ठेवावेत. पुढे कोणी आपला दावा तपासायला आला तर त्याला पुन्हा नवे फूल खर्च करावे लागत नाही.

लवेकडेही असेच बारकाईने पाहावे. निदलपुंजावर (पाकळ्यांखालच्या हिरव्या पेल्यावर) काळे आणि पांढरे केस मिसळलेले असतील तर त्यांचे प्रमाण, ते अंगाला चिकटलेले आहेत की उभे आहेत आणि प्रत्येक केस बुडाशी जोडलेला आहे की मध्यावर, हे सर्व लिहावे. केस मध्यावर जोडलेला, म्हणजे दोन्ही बाजूंना टोके असलेला दिसला, तर आपण ऑक्सिट्रॉपिसमध्ये नसून अ‍ॅस्ट्रागॅलसच्या एखाद्या गटात आहोत अशी शंका घ्यावी. अ‍ॅस्ट्रागॅलस हा सपुष्प वनस्पतींतील सर्वांत मोठा वंश आहे, सुमारे तीन हजार प्रजातींचा. तेथे पोहोचलो तर सगळा शोध नव्याने सुरू करावा लागतो.

शेंगांबद्दल आपण काहीच लिहिलेले नाही आणि छायाचित्रांतही फक्त फुले आहेत. ही मोठी उणीव आहे. शेंग फुगीर आहे की चपटी, तिला निदलपुंजातून बाहेर येणारा देठ आहे की नाही, आत पडदा आहे का आणि असल्यास तो कोणत्या शिवणीपासून निघतो, यांशिवाय या वंशात मी स्वतः कोणतीही नवी प्रजाती स्वीकारणार नाही. फुलांच्या वेळी एकदा आणि पाच-सहा आठवड्यांनी शेंगा पिकताना पुन्हा एकदा, असे दोन फेरे त्याच खुणेच्या रोपांपाशी घालावेच लागतात.

मोजमापे हाती आल्यावर ग्रंथालयाकडे वळावे. तियानशानचा प्रदेश नकाशावर आज अनेक देशांत विभागलेला असला, तरी वनस्पतींना त्या सीमा माहीत नाहीत. सीमेपलीकडे आधीच नाव मिळालेल्या प्रजातीला अलीकडे पुन्हा नवे नाव देण्याच्या चुका येथे वारंवार झाल्या आहेत. रशियन संशोधक पिओत्र सेम्योनोव्ह १८५६-५७ मध्ये तियानशानमध्ये गेले, त्याआधी कारेलिन आणि किरिलोव्ह या रशियन संग्राहकांनी १८४०च्या सुमारास तियानशानच्या उत्तरेकडील झुंगारिया भागातील वनस्पती जमवून त्यांची लॅटिन वर्णने प्रसिद्ध केली होती. वनस्पतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर बुंगे यांनी १८७४ साली ऑक्सिट्रॉपिस वंशाचाच सविस्तर आढावा घेतला. त्यानंतर १९३४ ते १९६४ या काळात ‘सोव्हिएत संघाच्या वनस्पतींचा’ तीस खंडांचा ग्रंथ निघाला. त्याच्या १३ व्या खंडात हा वंश आहे. त्या ग्रंथाचा मुख्य मजकूर रशियन आहे, पण नव्या प्रजातींची लॅटिन वर्णने प्रत्येक खंडाच्या शेवटी पुरवणीत दिलेली असतात आणि ती पाने अनेक जण उघडतच नाहीत. याच ग्रंथाच्या परंपरेत प्रजातीची कल्पना फार अरुंद होती. एका खोऱ्यातील थोडे निराळे रूपही स्वतंत्र प्रजाती मानले जाई. त्यामुळे आपल्या वनस्पतीला आधीच नाव मिळालेले असण्याची आणि ते नाव नंतर कोणीतरी दुसऱ्या प्रजातीत विलीन केलेले असण्याची शक्यता बरीच आहे. तसे निघाले तर नवे वर्णन न लिहिता जुने नाव पुन्हा प्रतिष्ठित करणे हेच योग्य काम ठरते आणि माझ्या मते ते अजिबात कमी प्रतीचे नाही.

छापील वर्णनावर थांबूनही चालत नाही. संशय असलेल्या प्रत्येक नावाचा प्रकारनमुना, म्हणजे ज्या वाळवलेल्या नमुन्याशी ते नाव कायमचे बांधलेले आहे तो नमुना, पाहावा लागतो. या प्रदेशातील अनेक प्रकारनमुने सेंट पीटर्सबर्गच्या कोमारोव्ह वनस्पतिशास्त्र संस्थेत आहेत. पॅरिस आणि लंडनमधील क्यू उद्यान येथेही काही आहेत, शिवाय बिश्केक, अल्माटी आणि ताश्कंद येथील संग्रह या कामासाठी अपरिहार्य आहेत. बऱ्याच नमुन्यांच्या प्रतिमा आता घरबसल्या पाहता येतात, पण प्रतिमेत चोच आणि केसांचे बूड दिसत नाही. जेथे निर्णय त्यांवर अवलंबून आहे तेथे प्रत्यक्ष जावे किंवा संग्रहपालांना लिहून ते अंग पाहण्याची विनंती करावी. या कपाटांतून आणखी एक गोष्ट हाती येते. ‘प्रजाती अनिश्चित’ असे लिहून बाजूला ठेवलेल्या गठ्ठ्यांत आपलीच वनस्पती कोणीतरी कित्येक दशकांपूर्वी आणून ठेवलेली असू शकते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले होते की सपुष्प वनस्पतींच्या नव्या प्रजातींपैकी केवळ १६ टक्क्यांचे वर्णन नमुना जमवल्यापासून पाच वर्षांच्या आत झाले आणि जवळजवळ एक चतुर्थांश वर्णनांत पन्नास वर्षांहून जुने नमुने वापरले गेले. तसा जुना नमुना मिळाला तर आपल्या वनस्पतीचा दुसरे ठिकाणही मिळते.

डीएनएबद्दल थोडक्यात सांगतो. आपण तपासलेला आयटीएस हा तुकडा वंश ओळखायला उपयोगी आहे, पण ऑक्सिट्रॉपिसच्या अनेक प्रजाती अलीकडच्या काळात झपाट्याने वेगळ्या झालेल्या असल्याने त्यांच्यात हा तुकडा कित्येकदा सारखाच असतो. उलट दोन-तीन अक्षरांचा फरक एकाच प्रजातीतही आढळतो. शिवाय सार्वजनिक संग्रहात या वंशातील सर्व प्रजाती नाहीत आणि ज्या आहेत त्यांतील काहींची ओळख चुकलेली आहे. तेव्हा न जुळणे याचा अर्थ ‘त्या यादीत नाही’ एवढाच. सिलिका जेलमध्ये वाळवलेली पाने दहा-बारा रोपांची आणि शेजारच्या प्रजातींचीही ठेवावीत, म्हणजे पुढे अधिक व्यापक तपासणी करता येईल. बी रुजवता आले तर गुणसूत्रांची मोजणीही करावी. या वंशाचा मूळ संच आठचा असून अनेकपट संच असलेल्या प्रजाती पुष्कळ आहेत. आपले रोप शेजारच्या प्रजातीच्या दुप्पट संचाचे निघाले, तर फुले मोठी असल्यास त्याचे कारण तेथेच सापडेल आणि मग ती स्वतंत्र प्रजाती मानायची की नाही, हा चर्चेचा विषय होईल.

इथवरचे सगळे टिकले, तर लिहायला बसावे. मी सर्वांत आधी भेददर्शक विधान, म्हणजे ही प्रजाती जवळच्या प्रजातीपासून कशी वेगळी ते सांगणारे वाक्य, लिहितो. तेच लेखाचे हृदय आहे. सविस्तर वर्णन त्यानंतर. काल्पनिक आकडे घालून नमुना देतो: ‘ही प्रजाती अमुक प्रजातीच्या जवळची असून नौतलाची चोच १.८ ते २.३ मिलिमीटर लांब (त्या प्रजातीत ०.४ ते ०.८), निदलपुंजावरील केस सर्व पांढरे व उभे (त्या प्रजातीत काळे-पांढरे मिश्र व चिकटलेले) आणि शेंग देठयुक्त (त्या प्रजातीत बिनदेठाची) या लक्षणांवरून वेगळी ओळखता येते.’ असे एक वाक्य प्रामाणिकपणे पूर्ण करता येत नसेल, कंसातील आकडे भरताना हात अडखळत असेल, तर लेख अजून तयार नाही असे मी समजतो. विद्यार्थ्यांचे हस्तलिखित हाती आले की मी आधी हेच वाक्य शोधतो.

सविस्तर वर्णनात मुळापासून बीपर्यंत ठरलेल्या क्रमाने जावे. ‘मोठे’, ‘सुंदर’, ‘बरेच’ असे शब्द टाळून पल्ले द्यावेत, क्वचितच दिसणारी टोके कंसात वेगळी दाखवावीत आणि जी अंगे शेजारच्या प्रजातीच्या वर्णनात आहेत ती सर्व आपल्याही वर्णनात त्याच क्रमाने आणावीत, म्हणजे वाचणाऱ्याला ओळीला ओळ लावून पाहता येते. फुलाचा रंग ताज्या फुलावरून लिहावा. वाळल्यावर जांभळा रंग निळसर पडतो किंवा फिका होतो आणि नंतर कोणी त्यावरूनच वाद घालतो. अधिवास लिहिताना ‘कोरडा उतार’ एवढ्यावर न थांबता उताराची दिशा, खडकाचा प्रकार, सोबतच्या झाडोऱ्यातील स्टिपा, फेस्टुका (ही गवते), आर्टेमिसिया (दवणा वर्ग) यांसारखी मुख्य नावे आणि चराईचा जोर यांची नोंद करावी.

नाव कायदेशीर ठरण्याच्या अटी मात्र परिस्थितीवर अवलंबून नाहीत. त्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेने ठरवल्या आहेत. १ जानेवारी २०१२ पासून वर्णन किंवा भेददर्शक विधान लॅटिन अथवा इंग्रजीत असावे लागते. त्याआधी १९३५ पासून लॅटिनच सक्तीचे होते. रशियन, किरगिझ किंवा मराठीत लिहिलेले वर्णन कितीही उत्तम असले तरी एकट्याने पुरत नाही. १९५८ पासून प्रकारनमुना सांगणे आणि १९९० पासून तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हे लिहिणे बंधनकारक आहे. केवळ छायाचित्रावर नाव उभे राहत नाही. होलोटाइप, म्हणजे नावाचा मुख्य प्रकारनमुना, एकाच संग्रहात असतो, त्याच वेळी त्याच जागी जमवलेल्या त्याच्या जोडनमुन्यांना आयसोटाइप म्हणतात. ते निदान तीन-चार संस्थांत वाटावेत आणि त्यांतील एक संच ज्या देशातून वनस्पती आणली तेथील संग्रहात असावाच. संग्रहाची व नमुने देशाबाहेर नेण्याची लेखी परवानगी आपल्याकडे आहे का, हे प्रश्नात स्पष्ट होत नाही. जनुकीय संपत्तीच्या वापरासंबंधीचा नागोया करार २०१४ पासून अंमलात आहे आणि चांगली नियतकालिके परवान्याचा क्रमांक मागतात. परवाना नसेल तर ते नमुने वापरू नयेत, परवाना घेऊन पुन्हा जमवावेत आणि शक्य तर स्थानिक वनस्पतिशास्त्रज्ञाला सहलेखक करावे. त्या उतारावर दर आठवड्याला जाऊ शकणारी व्यक्ती तीच असते.

नावाची घाई करू नये, आणि ते आधी कोठे जाहीरही करू नये. वर्णनाशिवाय फिरणारे नाव पुढे सर्वांनाच गोंधळात टाकते. ऑक्सिट्रॉपिस हा शब्द स्त्रीलिंगी मानला जातो, म्हणून विशेषण स्त्रीलिंगी रूपात घ्यावे. तेच नाव या वंशात पूर्वी कोणी वापरलेले असेल तर नंतरचे अवैध ठरते, तेव्हा आंतरराष्ट्रीय वनस्पतिनाम सूचीत ते नक्की शोधावे. मला स्वतःला वनस्पतीचे लक्षण किंवा जागा सांगणारी नावे आवडतात. प्रसिद्धीसाठी समीक्षित नियतकालिक निवडावे. २०१२ पासून आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) असलेल्या ऑनलाइन नियतकालिकातील पीडीएफही ग्राह्य धरले जाते.

एकाच उतारावरची वनस्पती म्हणून तिला थेट ‘अतिसंकटग्रस्त’ लिहिण्याचा मोह होतो. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या निकषांत व्याप्त क्षेत्र दोन किलोमीटरच्या चौकोनांनी मोजतात, तेव्हा एक उतार म्हणजे चार चौरस किलोमीटर धरला जातो आणि तो दहाच्या मर्यादेखाली येतोच. पण केवळ क्षेत्र लहान असून भागत नाही. ठिकाणे मोजकी असणे, सततची घट आणि तीव्र चढउतार यांपैकी निदान दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. शेजारचे उतार धुंडाळल्याशिवाय मी ‘माहिती अपुरी’ असेच लिहीन. आणि लेखात अचूक अक्षांश-रेखांश छापू नयेत. ते संग्रहातील चिठ्ठीवर असावेत.

येत्या मोसमात जून अखेरीस फुले आणि ऑगस्टमध्ये शेंगा, असे दोन्ही फेरे जमत असतील तर तीस रोपांना आताच क्रमांकाच्या पत्र्याच्या पट्ट्या लावण्याची तयारी करावी. मुळासह नमुने घेताना वीस रोपांमागे एकापेक्षा अधिक घेऊ नये. उतारावर एकूण शंभरच रोपे असतील, तर मुळासह पाच नमुने पुरे. आपण ज्या प्रजातीला जवळची मानता तिचे नाव आणि एका उघडलेल्या फुलाचे, मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेले छायाचित्र दिलेत, तर कोणते जुने प्रकारनमुने आधी पाहावेत ते मी सांगू शकेन.